शेरा कोणाच्या नावे?

अंगणवाडी तपासायला जाणाऱ्या मुख्यसेविकेच्या पिशवीत एक छापील तक्ता असतो. इमारत स्वतःची की भाड्याची, पिण्याचं पाणी आहे का, शौचालय आहे का आणि वापरात आहे का, वजनकाटा चालू आहे का, पटावर मुलं किती आणि हजर किती, आजचा आहार शिजला का, साठा नोंदवहीशी जुळतो का, वाढीचे तक्ते भरलेत का. शेवटी ‘शेरा’ म्हणून दोन-चार ओळींची मोकळी जागा, त्याखाली तपासणाऱ्याची सही आणि शेजारी सेविकेची. या कामात वर्षं घालवलेल्यांची तक्त्याबद्दल तक्रार असते ती सहसा त्याच्या लांबीची. माझी तक्रार वेगळी आहे. त्यातले प्रश्न बहुतेक योग्य असतात, उत्तरंही पुष्कळदा खरी लिहिली जातात; चुकतो तो पत्ता. शौचालयाला पाणी नाही, हे सेविकेच्या सहीवर नोंदलं जातं. छत गळतं, तेही तिच्याच सहीवर. मदतनिसाचं पद रिकामं आहे, तेही. जिच्या हातात झाडू, पळी आणि पेन यापलीकडे फारसं काही नाही तिच्या नावे सगळ्या उणिवा जमा होतात, आणि ज्यांच्या हातात निधी, जागा आणि भरती आहे त्यांच्याकडे त्या कागदाची प्रत जातच नाही. गेली तर ‘माहितीस्तव’ जाते. लहान मुलांच्या केंद्रांची तपासणी एवढी होऊनही तिच्यातून एवढं थोडं का निघतं, याचं मुख्य कारण मला इथे दिसतं.

आपल्याकडे मानकंच नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत मेळघाटातलं धारणी होतं. पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आहार-आरोग्याचं शिक्षण या सहा सेवा तेव्हापासून ठरलेल्या आहेत. २००१ मध्ये अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने ही योजना सरकारच्या मर्जीतून निघून मुलांच्या हक्कात आली: सहा वर्षांखालची चाळीस मुलं असलेल्या वस्तीने मागितली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे, आणि देशात किमान १४ लाख केंद्रं झाली पाहिजेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा खाऊ आणि गरम ताजं जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं माप घालून दिलं. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात प्रत्येक अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय असली पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या बालशिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणात आणि त्यासोबतच्या गुणवत्ता मानकांत तीस मुलांच्या गटाला किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा, वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दहामागे एक, मातृभाषेतून शिकवणं आणि मुलांना झेपेल असं शौचालय, हे सगळं आलं. ३५ चौरस मीटर म्हणजे जवळपास पावणेचारशे चौरस फूट. मुंबईच्या वस्तीत भाड्याने घेतलेली दहा बाय दहाची खोली यात चौथाईच्या किंचित वर भरते.

आता यातली कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे, याची वाटणी करून पाहावी. खोलीची लांबी-रुंदी सेविका ठरवत नाही. ती जिल्हा परिषदेच्या बांधकामातून येते, नाहीतर शहरात भाड्याचा दर ठरवणाऱ्याकडून. नळजोडणी ग्रामपंचायतीची, वीजजोडणी ग्रामपंचायत आणि महावितरण यांच्यामधली. वजनकाटा खात्याकडून येतो आणि बिघडला की खात्याच्याच दुरुस्तीची वाट पाहतो. घरपोच आहाराची पाकिटं पुरवठादाराकडून येतात, त्यांची चव आणि मुदत सेविकेच्या हातात नसते. रिक्त पद शासन भरतं. उरतं ते एवढं: केंद्र वेळेवर उघडणं, मुलांशी बोलणं-वागणं, खोली आणि भांडी स्वच्छ ठेवणं, खिचडी नीट वाढणं, वजन खरं घेणं आणि खरं लिहिणं, गरोदर आणि स्तनदा आयांकडे जाणं. या गोष्टी लहान नाहीत. मुलाच्या दृष्टीने कदाचित याच सगळ्यांत मोठ्या आहेत. पण तक्त्याचा निम्म्याहून अधिक भाग यांच्याबाहेरचा आहे आणि सही मात्र सगळ्यावर तिची.

चुकीच्या पत्त्याचा पहिला फटका वजनाच्या आकड्यांना बसतो. वजन घेणं लांबून सोपं वाटतं. टांगता काटा असेल तर तो भक्कम आधाराला, डोळ्यांच्या रेषेत टांगायचा, रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मुलाचे जाड कपडे आणि पायांतले वाळे उतरवायचे, हातपाय झाडणं थांबेपर्यंत धीर धरायचा आणि मग १०० ग्रॅमपर्यंत वाचायचं. इलेक्ट्रॉनिक काट्याला सपाट फरशी लागते. खचलेल्या जमिनीवर तो दर वेळी वेगळं सांगतो. काटा खरा बोलतो का, हे पाहायला मिठाची एक किलोची बंद पिशवी पुरते. एवढं सगळं करून आलेले आकडे ८.३, १०.७, ९.१ असे वाकडेतिकडे असतात. घरी बसून भरलेले ८, ८.५, ९ असे गोळाबेरजेचे असतात. पावसाळ्यात जुलाब आणि तापाने मुलांची वजनं थबकतात, कधी घटतात. ज्या वहीत जुलै-ऑगस्टमध्येही सगळ्यांच्या रेषा एका चालीने चढतात ती वही काट्याजवळ गेलेली नसते. आणि काही मुलं महिनोन् महिने वाढीच्या तक्त्यातल्या धोक्याच्या पट्ट्याच्या जेमतेम वर टेकून बसलेली असतात. त्यांच्या दंडाला पट्टी लावावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’, मानतात. पट्टी आणि काटा नेहमी एकाच मुलाकडे बोट दाखवतात असं नाही, पण एकाच अंगणवाडीत पट्टी तीन मुलं दाखवते आणि वही एकही दाखवत नाही, तेव्हा काय झालंय ते समजायला वेगळी चौकशी लागत नाही.

याचं कारण आळस आहे, असं म्हणून मोकळं होणं सोयीचं असतं. आढावा बैठक पाहिलेल्या कोणालाही खरं कारण माहीत असतं. ज्या बीटमध्ये, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या केंद्रांच्या गटात, सॅमची मुलं जास्त, त्या बीटच्या मुख्यसेविकेला उभं केलं जातं. ती परत येऊन सेविकेला उभं करते. जिने खरं वजन लिहिलं तिला खुलासा द्यावा लागतो, जिने आठ किलोचे साडेआठ केले तिचा महिना सुखाचा जातो. कुपोषण म्हणजे घरातली मजुरी, आईचं वय, दोन मुलांतलं अंतर, ऊसतोडीचं स्थलांतर, जुलाब, पाणी यांची बेरीज. ते सगळं सेविकेच्या नावे खर्ची पडलं की ती आकड्यालाच औषध देते. म्हणून आकडा खोटा निघाला की मला आधी आकडा मागणाऱ्याची तपासणी करावीशी वाटते.

दुसरा फटका खेळण्यांना बसतो, आणि त्याकडे कमी लक्ष जातं. पूर्वशालेय शिक्षणाचा संच केंद्रात येतो: ठोकळे, मणी, चित्रांच्या पट्ट्या, बाहुल्या, कोडी. कित्येक केंद्रांत हा संच कपाटात, मूळ प्लॅस्टिकसकट, नव्यासारखा असतो. तपासणाऱ्याने संच मोजला, नोंदवहीशी जुळला, ‘उपलब्ध’ असं लिहिलं आणि सगळे खूश. चार वर्षांच्या मुलाच्या हातात गेलेला ठोकळा हरवतो, चित्राचा कोपरा चावला जातो, मणी नाकात जाण्याची भीती असते. साठा पडताळणीत कमी भरला तर जबाब सेविकेने द्यायचा, वसुलीची धास्ती तिला. मग ती शहाण्या माणसासारखी कुलूप लावते. म्हणजे एक तपासणी मुलांनी खेळावं म्हणून असते आणि दुसरी तपासणी त्यांनी खेळू नये याची काळजी घेते, आणि दोन्ही एकाच तक्त्यावर एकाच सहीने होतात. फुटके ठोकळे आणि मळकी चित्रं ही चांगल्या अंगणवाडीची खूण म्हणून कुठल्याही तक्त्यात नाहीत, असायला हवीत. शौचालयाचं तेच. ‘आहे’ या रकान्यात बरोबरची खूण असते आणि दाराला कुलूप असतं, आत आहाराची पोती आणि खराटे. सकाळी अकरा वाजता केंद्रात पंचवीस मुलं असताना शौचालयाची फरशी कोरडी ठणठणीत असेल, तर ते वापरात नाही हे सांगायला लागत नाही. पण कुलूप का आहे, हा प्रश्न तक्त्यात नाही. पाणी नसलेलं शौचालय उघडं ठेवलं तर ते एका दिवसात घाण होतं आणि घाणीचा शेरा सेविकेच्या नावे येतो. बंद ठेवलं तर ‘आहे’ असं लिहिता येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं सेविकेला पाठीशी घालणं झालं. काही केंद्रं दहाची साडेअकराला उघडतात, काही ठिकाणी पटावर नुसतीच नावं असतात, काही ठिकाणी तेल-डाळ वाट काढते, त्याचं काय? त्याचा शेरा कडक लिहावा आणि तिच्याच नावे लिहावा, हेच माझं म्हणणं आहे. आजच्या पद्धतीत तोच लिहिता येत नाही. वीस उणिवांच्या गर्दीत, ज्यातल्या पंधरा तिच्या हाताबाहेरच्या, उरलेल्या पाच झाकून जातात. पाणी नसलेल्या, मदतनीस नसलेल्या, काटा मोडलेल्या केंद्रात उशिरा आलेल्या सेविकेला रागावताना तपासणाऱ्याचीच जीभ अडखळते. मग दोघींमध्ये एक मूक समझोता होतो: तू मला वह्या नीट दाखव, मी तुझा शेरा सौम्य ठेवते. जबाबदारीची वाटणी नीट झाली तर हा समझोता मोडतो. जे तुझं आहे ते तुझं, त्यात सवलत नाही. जे तुझं नाही ते मी योग्य दारात नेऊन टाकते, असं म्हणणाऱ्या तपासनिसाला कडक होण्याचा अधिकार आपोआप मिळतो. शिवाय सेविका ही कागदावर मानधनी आहे, हे विसरून चालत नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा अंगणवाडी सेविका-मदतनिसांना लागू होतो हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं, आणि डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या संपामुळे बंद राहिल्या तेव्हा मागण्यांत मानधनवाढ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच होती. पगाराला स्वयंसेविका आणि शेऱ्याला कार्यालयप्रमुख, हा हिशेब कोणत्याच बाजूने जुळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो बालशिक्षणाच्या चांगल्या माणसांकडून येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं त्यात चौरस मीटर कुठे होते? मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. पानं, बिया, शिंपले, माती हीच साधनं झाली. मग आज खोलीची मापं आणि नळाच्या तोट्या मोजत बसणं म्हणजे आत्मा सोडून कुडी तपासणं नाही का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तपासणीत मुलांचं गाणं-बोलणं पाहायला पाच मिनिटं आणि वह्या पाहायला दीड तास जातो, ही लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. तरी कोसबाडचं उदाहरण मानकांच्या विरोधात वापरता येत नाही. त्या अंगणाला आभाळ होतं, हवा होती, पळायला जागा होती. मुलांना आधी आंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं हा तिथल्या दिवसाचा भाग होता. आणि मुलांकडे बघायला जाणती, शिकवून तयार केलेली माणसं होती. मोकळी जागा, स्वच्छता आणि प्रशिक्षित माणूस ही आजच्या मानकांतलीच तीन कलमं आहेत. शहरातल्या पोटमाळ्याच्या खोलीत अंगणच नाही, म्हणून तिथे ते मोजून मागावं लागतं. काही कलमं तर अशी आहेत की त्यांच्याशी आत्म्याची तुलनाच होऊ नये. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेत लागलेली आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला. मुलं बसतात त्याच खोलीत गॅसची शेगडी पेटते का, हा प्रश्न तक्त्यात सर्वांत वर असला पाहिजे. तो बहुतेक वेळा ‘स्वयंपाकघर आहे/नाही’ अशा रकान्यात विरघळून जातो.

तिसरं म्हणणं नव्या काळाचं आहे: आता अ‍ॅप आहे, तपासणीला माणूस कशाला? मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले, कारण फोन जुने, कमी क्षमतेचे होते आणि अ‍ॅप इंग्रजीत. पुढे बऱ्याच गोष्टी सुधारल्या. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली आणि गावोगावी रेंज शोधत, उन्हात उभ्या आयांचे फोटो काढणं हे नवं काम सेविकेला मिळालं. अ‍ॅपचा फायदा आहेच, विशेषतः एखादं मूल स्थलांतरात हरवू नये यासाठी. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला पाकीट कोणाला मिळालं ते कळतं, ते घरी कोणी खाल्लं आणि मुळात खाल्लं का, हे कळत नाही. वरण पातळ आहे की घट्ट, हे पळी टाकल्याशिवाय समजत नाही. आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅपनेही पत्ता बदलला नाही. मुख्यालयाच्या पडद्यावर लाल रंगात दिसतं ते ‘अमुक केंद्राने माहिती भरली नाही’. ‘अमुक कार्यालयाने आठ महिने काटा दुरुस्त केला नाही’ असा लाल रंग त्या पडद्यावर अजून उगवायचा आहे. जुनी चूक वेगाने करण्याची सोय झाली, एवढंच.

मनुष्यबळाच्या रकान्याकडे आपण किती सहज पाहतो हे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दाखवलं. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर तिथेच काम करणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं, लोक रुळांवर उतरले, आणि शासनाचे आदेश निघाले त्यात कॅमेऱ्यांवर मोठा भर होता. कॅमेरा हवाच. पण शौचालयाच्या आत कॅमेरा लावता येत नाही, आणि तीन-चार वर्षांच्या मुलीला चड्डी सोडायला आणि धुवायला मोठ्या माणसाचा हात लागतो. तो हात कोणाचा, हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, नेमणुकीचा आहे. अंगणवाडीत तो हात मदतनिसाचा. तिचं पद रिकामं असेल तर सेविका एका मुलीला घेऊन मागे जाते आणि पुढच्या खोलीत वीस मुलं आणि शिजतं पातेलं असं चित्र उरतं. वीस मुलांमागे एक मोठं माणूस, हे मानक कागदावर शिक्षणाचं वाटतं. प्रत्यक्षात ते सुरक्षेचं आहे. तक्त्यावर मात्र ‘मदतनीस: रिक्त’ एवढे दोन शब्द लिहून पुढच्या रकान्याकडे जाता येतं, कारण ते पद कधीपासून रिकामं आहे आणि ते भरायचं कोणी, हे लिहायला जागाच ठेवलेली नाही.

हे सगळं आपल्या गरिबीचं रडगाणं आहे, अशी एक समजूत असते, म्हणून बाहेरचं एक उदाहरण. मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालेल्या आणि तिथल्या बालसंगोपन केंद्रांत काम करणाऱ्या मराठी बायका आता बऱ्याच आहेत, त्यांना हे रोजचं आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय चौकटीत केंद्राचा दर्जा सात अंगांनी तपासतात. आत प्रत्येक मुलामागे सव्वातीन चौरस मीटर आणि बाहेर सात, दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक माणूस, असे आकडे आहेत. आपल्या ३५ चौरस मीटरला तिसाने भागलं तर मुलामागे सव्वा चौरस मीटरही येत नाही, तेव्हा त्या आकड्यांची बरोबरी आज करायला जाऊ नये. शिकायचं आहे ते दुसरं: तिथल्या कायद्यात केंद्र चालवण्याची परवानगी ज्याने घेतली, तो संचालक आधी उत्तरदायी असतो. जागा कमी, माणसं कमी, कुंपण मोडकं, तर नोटीस त्याला आणि दंडही त्याला. वर्गातल्या ताईची चूक वेगळी पाहिली जाते. अंगणवाडीच्या बाबतीत संचालक म्हणजे शासन. स्वतःलाच नोटीस काढणं शासनाला अवघड जातं, हे मान्य. पण म्हणून ती नोटीस सेविकेच्या दारावर चिकटवायची नसते.

याच संदर्भात खासगी नर्सऱ्यांचाही उल्लेख केला पाहिजे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू. त्याखालच्या मुलांसाठी त्यात शासनाने व्यवस्था करावी एवढंच मोघम कलम आहे. परिणामी बंगल्याच्या गॅरेजमध्ये भिंतीवर मिकी माऊस रंगवून सुरू झालेल्या वर्गाला कित्येक वर्षं कोणी विचारलंही नाही की बाबा, तुझ्याकडे शौचालय किती आणि बाहेर पडायची वाट कुठली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खासगी, सरकारी आणि धर्मादाय अशा सर्व पूर्वप्राथमिक केंद्रांना किमान दर्जाचे नियम लावायचं म्हटलं आहे. ते नियम प्रत्यक्षात येईपर्यंत स्थिती अशी की गरिबांच्या मुलांच्या केंद्राला मुख्यसेविका, प्रकल्प अधिकारी, सरपंच, आरोग्यसेविका आणि वर अ‍ॅप असे तपासनीस आहेत, आणि फी भरणाऱ्या आईबापांना फक्त जाहिरातीतला फोटो. तपासणीचं ओझं कुठे जास्त आणि कुठे शून्य, हे पाहिलं तरी कळतं की ती मुलांच्या धोक्याप्रमाणे नेमलेली नाही. ज्याला सहज विचारता येतं त्याला विचारलं जातं.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा. मुख्यसेविकेकडे वीस-पंचवीस केंद्रं, अहवाल आणि बैठका. तिच्या हातात ना निधी ना अधिकार. तिने शेरा ग्रामसेवकाच्या नावे लिहिला तर तो हसेल, आणि पैसे नाहीत म्हणेल. पैशाचं आधी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे महाराष्ट्रात नवीन नाही. बऱ्याच गावांत तो भलत्याच खात्यावर पडतो किंवा मार्चअखेरीस घाईने संपवला जातो. नळाची जोडणी, शौचालयाच्या दाराची कडी, स्वयंपाकाची जागा वेगळी करणारी अर्धी भिंत, हे खर्च त्या हिश्श्यात बसतात. नवी इमारत बसत नाही, आणि ती मागणी वर जिल्हा परिषदेकडेच जायला हवी. म्हणजे उणिवा किमतीप्रमाणे आणि मालकाप्रमाणे वेगळ्या करता येतात. हे वेगळं करणं तपासणाऱ्याला जमतं, त्याला निधी लागत नाही, फक्त तक्त्यात तीन रकाने वाढवावे लागतात: ही दुरुस्ती कोणाची, त्याला कधी कळवलं, आणि मागच्या भेटीतलं काय झालं. तिसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजची प्रत्येक तपासणी कोऱ्या तक्त्यावर सुरू होते, त्यामुळे तेच गळकं छप्पर दर वेळी नव्याने सापडतं आणि ते किती वर्षं गळतंय हे कुठेच साठत नाही. भेट मागच्या शेऱ्यापासून सुरू झाली तर अर्ध्या तासात काम होतं आणि उरलेला वेळ मुलांजवळ बसायला मिळतो.

राहिला अधिकाराचा प्रश्न. मुख्यसेविकेला ग्रामसेवकावर हुकूम चालवता येत नाही, हे खरं. पण तक्त्यावर सेविकेच्या सहीशेजारी त्याच्या सहीची जागा छापता येते, आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या सहीची त्याखाली. सही मागितल्यावर तो हसला, उद्या या म्हणाला, किंवा हा आमचा विषय नाही म्हणाला, तर त्या जागी ‘सही दिली नाही’ असं लिहून तारीख घालायची आणि ती प्रत ग्रामसभेच्या कागदांत लावायची. शौचालयाला पाणी का नाही, हे पुढच्या ग्रामसभेत एखादी आई विचारेल तेव्हा उत्तर द्यायला सेविकेला उभं राहावं लागणार नाही.